बूट काढले, भार कुठे गेला?

असा एक गृहस्थ जवळजवळ प्रत्येक जॉगिंग ट्रॅकवर भेटतो. चाळिशी ओलांडलेली, वजन ९२ किलो, ‘जरा हालचाल वाढवा’ असं डॉक्टरांनी सांगून वर्ष उलटलेलं. आता एकदाचा मुहूर्त लागला आहे. कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत एक सडसडीत माणूस अनवाणी, हरणासारखा धावताना त्याने पाहिला आहे. महागडे बूट घेण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून तो चपला बाकाखाली सरकवतो आणि सुटतो. गंमत म्हणजे त्याला खरंच छान वाटतं. गार माती, हलके पाय, बुटांची धपधप नाही. तीन किलोमीटर कसे सरले कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तो कठड्याला धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरत असतो. पोटऱ्यांत गोळे आलेले. चार दिवसांनी ते जिरतात आणि तो पुन्हा धावायला लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटांच्या मागे, एक दुखरी जागा उमटते. अंगठ्याने दाबली की नेमकी तिथेच कळ.

त्याची आजी जन्मभर अनवाणी वावरली. विहिरीवर, बांधावर, डोक्यावर हंडा घेऊन. पोटरीची तक्रार तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारे, अनवाणी पंढरपूर गाठणारे वारकरी आपण दरवर्षी पाहतो. साठी ओलांडलेल्या लता करे बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी त्यांना बक्षिसाचे पैसे हवे होते. त्यांच्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. या सगळ्यांच्या पावलात हाडं तेवढीच, २६. मग आपल्या गृहस्थाच्याच पावलाने असहकार का पुकारला?

फरशीवरची उडी

कोड्याची पहिली गाठ घरातल्या घरात सुटते. अनवाणी पायांनी फरशीवर जागच्या जागी दोन-चार छोट्या उड्या मारल्या, तर माणूस कुणी न शिकवता चवड्यावर उतरतो. चवडा म्हणजे बोटांच्या मागचा, तळव्याचा रुंद भाग. तो टेकतो, मागोमाग टाच हलकेच खाली येते, गुडघा वाकतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांना पत्ताही लागत नाही. हीच उडी ताठ टाचांवर घ्यायची म्हटलं तर अंगच नको म्हणतं.

क्रिकेटमध्ये जोरात आलेला चेंडू झेलताना खेळाडू हात चेंडूसोबत मागे नेतो. चेंडूचा वेग कमी झालेला नसतो, फक्त त्याला थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तळहात झिणझिणत नाही. चवड्यावर उतरताना घोटा आणि पोटरी हेच करतात. घोटा बिजागरीसारखा फिरतो, पोटरी ताणली जाते, धक्का लांबतो. टाचेवर उतरताना मात्र नडगी आणि पाऊल एका खांबासारखे जमिनीवर आपटतात आणि खांबाचा खालचा भाग एका क्षणात थांबतो.

हा ‘खालचा भाग’ किती जड असतो, हे हार्वर्ड विद्यापीठातले उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनिएल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. ‘नेचर’मध्ये २०१० साली आलेल्या त्यांच्या निबंधानुसार अनवाणी पायांनी टाचेवर उतरणाऱ्याच्या शरीराचा सरासरी ६.८ टक्के भाग एकदम थांबतो, चवड्यावर उतरणाऱ्याचा १.७ टक्के. आपल्या गृहस्थाच्या बाबतीत हिशेब होतो सव्वासहा किलो विरुद्ध दीड किलो. मुसळ आणि खलबत्त्यातला बत्ता यांच्यात असतो तेवढा हा फरक.

बुटाच्या टाचेखालचा फोम हा धक्का लांबवण्याचं काम पायाच्या वतीने करतो. म्हणून बूट घातलेला माणूस खुशाल टाचेवर उतरतो, आणि त्यात काही पाप नाही. फोम काढून घेतला आणि सवय तीच राहिली, तर मात्र प्रत्येक पावलाला मुसळ बसतं. अनवाणी झालं की पाय आपोआप चवड्यावर येतो असं म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. उत्तर केनियात तुर्काना सरोवराच्या परिसरातले दासनाच लोक लहानपणापासून अनवाणी असतात. २०१३ मध्ये त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवरच उतरत होते.

लाट आली, ओसरली

अनवाणी धावण्याचं आजचं वेड फार जुनं नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंद अशा विक्रमी वेळेत जिंकला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १९६४ मध्ये टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि तीन मिनिटं आधी पोहोचला, हे सहसा कुणी सांगत नाही. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ आलं आणि मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांतल्या ताराहुमारा धावपटूंची जगभर चर्चा झाली. ते तसे अनवाणी नसतातच. टायरचे तुकडे कापून केलेल्या सपाता ते पायाला बांधतात. आपल्याकडे टायरच्या चपला वापरलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पुस्तकापाठोपाठ लीबरमन यांचा निबंध आला आणि ‘अनवाणी धावलं की दुखापत टळते’ असा त्याचा अर्थ लावला गेला. निबंधात तसं म्हटलेलंच नव्हतं. तो धक्क्याबद्दल होता, दुखापतींबद्दल नव्हता. मग हातमोज्यासारखी पाच बोटं असलेल्या पातळ तळाच्या बुटांचा खप वाढला. ते बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत, फायद्यांचे दावे पुराव्याविना केल्याबद्दल, ग्राहकांनी खटला भरला. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरवर तो मिटवला. भारतात मिलिंद सोमण यांनी २०१६ मध्ये अहमदाबाद ते मुंबई हे पाचशेहून अधिक किलोमीटरचं अंतर अनवाणी कापलं, तेव्हा इथेही बऱ्याच जणांनी बूट काढले. सोमण लहानपणापासून राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू होते, हे त्या उत्साहात बाजूला राहिलं.

लग्नघरातलं काम

धक्का मऊ झाला म्हणजे भार कमी झाला, असा समज होतो. घोटाळा इथेच आहे. धावताना जमीन पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर देते, मग पायात बूट असो वा नसो. चालताना तोच जोर वजनाहून थोडासाच जास्त असतो, कारण एक पाऊल सतत जमिनीवर असतं. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर हवेत असतं आणि मग एका पायावर येतं. ९२ किलोंचा माणूस एका किलोमीटरमध्ये हजारावर पावलं टाकतो, आणि दर पावलाला त्याच्या पायाखाली २३० किलोंच्या आसपास जोर उमटतो.

लग्नघरातलं काम कमी होत नसतं. थोरल्या जावेने अंग काढून घेतलं की ते धाकटीवर पडतं, एवढंच. टाचेवर उतरताना काम जास्त करून गुडघ्याकडे असतं. चवड्यावर उतरलं की गुडघ्याला खरंच आराम पडतो. पण त्याचं काम पोटरीवर, टाचेमागच्या जाड दोरावर (याला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात), तळव्याच्या कमानीवर आणि चवड्याच्या हाडांवर येतं. धावताना या एका दोरावर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा जास्त ताण येतो. ९२ किलोंच्या माणसात हा साडेपाचशे किलोंचा मामला झाला. त्यातून बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असते. वर्षानुवर्षं अशा टाचेवर वावरलेला दोर त्या आखूड मापालाच सरावलेला असतो. टाच एकदम जमिनीला टेकवायची म्हटलं की तो कुरकुरतो. जिन्यावर आडवं उतरायची पाळी येते ती याच्यामुळे.

पोटरीचं दुखणं चार दिवसांत जातं, ते फारसं गंभीर नसतं. पावलाच्या वरची ती दुखरी जागा वेगळी. चवड्यापासून घोट्याकडे जाणारी पाच लांबट हाडं असतात. त्यातलं दुसऱ्या बोटामागचं हाड सहसा सगळ्यात लांब असतं आणि त्याचं मागचं टोक शेजारच्या हाडांत पाचरीसारखं अडकलेलं असतं. बाकीची थोडी हलून भार टाळतात, याला हलता येत नाही. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच नवशिक्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन करून ठेवलं होतं. कवायती करकरून रंगरूट लंगडायला लागायचे. कारण उमगायला एक्स-रेचा शोध लागावा लागला, म्हणजे आणखी चाळीस वर्षं. मग दिसलं की हाडाला केसाएवढी चीर गेलेली असते. तिला आजही ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात.

आधी खणतात, मग भरतात

हाड म्हणजे दगड नव्हे. त्याची डागडुजी अखंड चालू असते, आणि ती महापालिकेच्या रस्त्यासारखी चालते. जास्त भार आला की आधी एका प्रकारच्या पेशी येऊन थकलेलं हाड खणून काढतात. या खणणाऱ्या पेशींचं नाव ऑस्टिओक्लास्ट. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मग दुसऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. ते पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. नवा रस्ता जुन्यापेक्षा मजबूत होणार असतो, यात शंका नाही. पण मधल्या काळात तो खणलेला असतो, आणि आपला गृहस्थ नेमका तेव्हाच त्यावरून ट्रक नेतो.

त्याला हे कळत कसं नाही? कारण शरीराचे सगळे विभाग एका वेगाने शिकत नाहीत. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, दम कमी लागतो. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात. दोर आणि हाडं यांना महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात छाती म्हणते आता पाच किलोमीटर मार, आणि पावलातलं हाड त्याच आठवड्यात सगळ्यात कमजोर असतं.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सारा रिज यांनी २०१३ मध्ये हे एमआरआयवर दाखवलं. धावण्याचा अनुभव असलेले ३६ जण त्यांनी निवडले. १९ जणांनी पाच बोटांच्या पातळ बुटांकडे दहा आठवड्यांत हळूहळू वळायचं, बाकीच्यांनी नेहमीचेच बूट वापरायचे. दहा आठवड्यांनंतर त्या १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हे मुरलेले धावपटू होते, नवशिके नव्हेत.

याच रिज यांच्या २०१९ च्या अभ्यासाकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष गेलं. त्यात पातळ तळाच्या बुटांतून आठ आठवडे केवळ चालायचं होतं. पावलातले छोटे स्नायू तेवढ्यानेच मजबूत झाले, मुद्दाम व्यायाम करून होतात तितके. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातही २०२१ मध्ये सहा महिने असं रोजचं वावरणं केलेल्यांच्या पावलाची ताकद सुमारे ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे पाऊल घडवायला धावावं लागतंच असं नाही.

काट्यावरचा आकडा

वजनाबद्दल सगळ्यात थेट पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. जोएल फुलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६१ सराईत पुरुष धावपटू २६ आठवडे धावले, काही पातळ बुटांत, काही नेहमीच्या. वजन ७१.४ किलोंच्या वर गेलं की पातळ बुटांत दुखापतीचा धोका स्पष्टपणे वाढत होता, आणि ८५.७ किलोंना तो तिपटीवर पोहोचला होता. आपला गृहस्थ या आकड्याच्याही पुढे आहे आणि सराईतही नाही.

मग जाडजूड तळाचे बूट घेतले की प्रश्न सुटला? तेही नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मऊ तळाच्या बुटांनी दुखापती कमी झाल्या, पण फायदा हलक्या वजनाच्या मंडळींना झाला. जड मंडळींत फरक ठळक नव्हता. दुकानदार याच्या नेमकं उलट सांगतो.

स्थूल माणसाच्या पावलाची अडचण धावण्याआधीच सुरू झालेली असते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, तो कमान ताणून धरतो. तोच दुखावला की सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाचेत खिळा ठोकल्यासारखं पडतं. बीएमआय ३० च्या वर असलेल्यांत हे दुखणं पाचपटीहून अधिक आढळलं आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठी २३ ला जास्त वजन आणि २५ ला स्थूलता धरतात, युरोपीय लोकांपेक्षा अलीकडे.

आणि चरबीचं काय? धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. ९२ किलोंचा माणूस तीन किलोमीटर धावला की पावणेतीनशे कॅलरी, म्हणजे जवळपास एक वडापाव. बूट काढल्याने या हिशेबात चटणीएवढाही फरक पडत नाही.

आजीचं पाऊल

आजीचं पाऊल लहानपणापासून, हाडं वाढत असतानाच घडत गेलं होतं. तिने ते पन्नास वर्षांत घडवलं, तेही चालून, आणि तिचं वजन नातवाच्या निम्म्याने असायचं. कर्नाटकात राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाऊल ८.६ टक्के आढळलं, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. कमान लहानपणी घडते, आणि चाळिशीत बूट काढल्याने ती वर्षं परत येत नाहीत.

तिच्या तळव्यांना घट्टे होते, तरी वाळवणावर सांडलेला खडा पायाला लगेच कळायचा. केनियात केलेल्या आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. चालून चालून पडलेला जाड घट्टा संरक्षण देतो, पण स्पर्श बोथट करत नाही. ही स्पर्शाची जाण अनवाणी धावणाऱ्याचा ब्रेक असते. खरबरीत डांबरावर तळवा हाडाच्या आधी ओरडतो आणि माणूस थांबतो. पातळ बुटांत हा ब्रेकही नाही आणि फोमही नाही. म्हणून काही प्रशिक्षक म्हणतात, काढायचेच तर बूट पूर्ण काढा. त्यात तथ्य वाटतं.

ज्याचा ब्रेकच निकामी झाला आहे, त्याने मात्र हे धाडस करू नये. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. वाढलेल्या वजनाशी त्याचं नातं जवळचं. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. काच रुतली तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतं. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या माणसाला विचारतात, ‘कळतंय का?’ पाच मिनिटांची ही तपासणी बूट काढण्याआधी व्हावी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तेही.

चौकट : जड माणसाने सुरुवात केलीच तर

पहिला महिना धावणं नाही. घरात फरशीवर अनवाणी वावर, मग रोज दहा-पंधरा मिनिटं अनवाणी चालणं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करणं, कठड्याला धरून.

त्यानंतर एक दिवसाआड, चालण्याच्या अधेमधे शंभर-दोनशे मीटर हळू धावणं. बाकीचा व्यायाम नेहमीच्या बुटांत. पावलं छोटी आणि भरभर. पायाचा आवाज येत असेल तर काहीतरी चुकतंय. टाच मुद्दाम अधांतरी धरू नये, चवड्यामागून ती टेकू द्यावी.

जागा गुळगुळीत आणि दिसणारी असावी. हिरवळीत काटे-काचा लपतात. समुद्रकाठच्या कोरड्या वाळूत टाच खचून पोटरीवर जास्त ताण येतो. उन्हाळ्यात नऊनंतरचं डांबर तळवे भाजतं.

दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या तर दोन दिवस विश्रांती. एकाच पावलावर, बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी जागा असली तर धावणं बंद.

एक्स-रे स्वच्छ

चौकटीतली शेवटची ओळ आपल्या गृहस्थाने वाचलेली नव्हती. महिनाभर अंगावर काढून तो अखेर एक्स-रे काढायला गेला, तर एक्स-रे स्वच्छ. यात यंत्राची चूक नसते. केसाएवढी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण एवढ्याशा दुखण्याला एमआरआय कोण काढतो? ‘काही नाही, स्नायू आखडला असेल’ असं स्वतःला समजावून तो पुन्हा ट्रॅकवर उतरला. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला, तेव्हा दुसऱ्या बोटामागच्या हाडाभोवती कापसाच्या पुंजक्यासारखा पांढुरका थर दिसला. ते होतं भरू लागलेलं नवं हाड. डॉक्टरांनी त्याला कडक तळाचा बूट दिला, सहा आठवड्यांसाठी, आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही असं बजावलं.